लिंबोळ्या, फुले आणि देवाचे राज्य



गेल्या जून महिन्यातली गोष्ट. रविवारची उपासना सुरू होती आणि मागच्या खोलीत संडे स्कूल भरले होते. अचानक वीज गेली. पंखे बंद पडले. पाऊस अजून आला नव्हता, पण हवेत इतका दमटपणा होता की मुलांना त्या खोलीत बसवणे शक्यच नव्हते. म्हणून आम्ही स्वयंसेवकांनी त्यांना मंदिराच्या आवारातल्या लिंबाखाली नेले. खाली पिकलेल्या लिंबोळ्यांचा सडा पडला होता. मुले त्या गोळा करू लागली, फेकू लागली, कोणी चाखूनही पाहिली. गीत म्हणायचे बाजूलाच राहिले. आवाज इतका वाढला की आत उपदेश ऐकणाऱ्या मंडळीला त्रास होऊ लागला. आतून एक वडीलधारे बंधू आले आणि बोटाने गप्प बसण्याची खूण करून गेले. मग आम्हीही मुलांवर ओरडलो.

सगळे एकदम शांत झाले. तेवढ्यात सहा वर्षांच्या एका मुलीने मूठ उघडून आम्हाला विचारले, "दीदी, ही निंबोली पण देवाच्या घरातली आहे ना? मग टाकायची का?"

आमच्याजवळ चटकन उत्तर नव्हते. पुढच्या रविवारचा पाठ मार्क 10:13 ते 16 असा होता. लोक आपली बालके येशूकडे आणतात, शिष्य त्यांना दटावतात, आणि ते पाहून येशूला राग येतो, तो हा भाग. पाठाची तयारी करायला बसलो तेव्हा जाणवले की त्या प्रसंगात आपली जागा कोणाची होती. आपण शिष्यांच्या जागी होतो.

त्या आठवड्यात आम्ही जे वाचले आणि आपसांत बोललो, ते आज आपल्यापुढे मांडत आहोत. बालक, फूल, पाखरू आणि देव यांचे नाते शोधणारे कवी इंग्लंडात होऊन गेले, तसे आपल्या मराठीतही झाले. आणि मराठीतला त्यांच्यातला एक फार मोठा कवी आपल्याच ख्रिस्ती कुटुंबातला आहे.

धुराड्यातली मुले

अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडात कारखाने वाढत होते. गावे सोडून माणसे शहरांकडे निघाली होती. लंडनच्या घराघरांत कोळशाच्या शेगड्या होत्या आणि त्यांची धुराडी अरुंद होती. ती आतून साफ करायला लहान अंगाची मुले लागत. पाच-सहा वर्षांची गरिबांची मुले या कामाला विकली जात. काजळीत श्वास घेऊन घेऊन त्यांतली कित्येक लहानपणीच आजारी पडत.

त्याच लंडनमध्ये विल्यम ब्लेक नावाचा एक कोरीवकाम करणारा कारागीर राहत होता. त्याने 1789 साली निरागसतेच्या गीतांचे पुस्तक स्वतःच्या हाताने कोरून, रंगवून छापले. 1794 साली त्याला अनुभवाच्या गीतांची जोड दिली. या दोन्ही भागांत धुराडे साफ करणाऱ्या पोराची कविता आहे. पहिल्या भागातल्या पोराला स्वप्नात देवदूत दिसतो. दुसऱ्या भागातले काळे पडलेले पोर बर्फात रडत उभे असते आणि त्याचे आईबाप मंदिरात प्रार्थनेला गेलेले असतात. मंदिरात गेलेली माणसे बाहेर रडणारे मूल पाहत नाहीत, ही ब्लेकची तक्रार होती. ती आपण ख्रिस्ती लोकांनी ऐकून घ्यायला हवी, कारण ती परक्याने केलेली नाही. बायबल ज्याच्या रक्तात भिनले होते अशा माणसाने ती केलेली आहे.

त्यानंतर चारच वर्षांनी, 1798 मध्ये, विल्यम वर्डस्वर्थ आणि सॅम्युएल कोलरिज या दोन मित्रांनी मिळून एक छोटा कवितासंग्रह काढला. साध्या माणसांच्या साध्या भाषेत, शेतकरी, भटके, मुले यांच्याविषयी लिहायचे असे त्यांनी ठरवले होते. इंग्रजी वाङ्मयात ज्याला रोमँटिक काव्य म्हणतात त्याची सुरुवात पुष्कळजण या पुस्तकापासून धरतात. वर्डस्वर्थ उत्तर इंग्लंडमधल्या तळ्यांच्या आणि डोंगरांच्या मुलखात वाढला. आठ वर्षे पूर्ण होण्याआधीच त्याची आई गेली आणि तेराव्या वर्षी वडील गेले. डोंगर, ओढे आणि वारा यांनीच आपल्याला वाढवले असे त्याला वाटत राहिले.

1807 साली छापून आलेल्या त्याच्या एका प्रसिद्ध दीर्घ कवितेचा विषय हाच आहे. बालक देवाजवळून येते, म्हणून त्याला सारी सृष्टी तेजाने भरलेली दिसते. वय वाढत जाते तसे ते तेज मावळते, आणि मोठ्या माणसाला रोजच्या उजेडात फक्त रोजच्याच वस्तू दिसतात. तरी जे एकदा पाहिले त्याची आठवण आत कुठेतरी शिल्लक राहते, आणि तिच्या आधाराने माणूस दुःखात उभा राहू शकतो, असे तो म्हणतो.

हे सगळे लिहिणे सोपे होते असे कोणी समजू नये. 1812 साली वर्डस्वर्थची दोन मुले एकाच वर्षात दगावली. जूनमध्ये तीन वर्षांची कॅथरिन आणि डिसेंबरमध्ये सहा वर्षांचा थॉमस. बालपण पवित्र आहे असे लिहिणाऱ्या माणसाला आपल्या मुलांना मातीत ठेवावे लागले. आपल्या मंडळीतही अशी घरे आहेत. त्यांच्यापुढे "मुले म्हणजे देवाघरची फुले" हे वाक्य फार सहजपणे उच्चारू नये, असे आम्हाला वाटते.

हे वारे आपल्याकडे कसे आले

1857 साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि मराठी मुले इंग्रजी कविता शिकू लागली. 1861 साली पालग्रेव्हने संपादित केलेला 'गोल्डन ट्रेझरी' हा इंग्रजी कवितांचा संग्रह निघाला. वर्डस्वर्थची ती दीर्घ कविता त्यात होती. पुढची कित्येक वर्षे हे पुस्तक आपल्याकडच्या शाळा-कॉलेजांतून शिकणाऱ्या पिढ्यांच्या हाती फिरत राहिले. केशवसुतांनी (1866 ते 1905) या इंग्रजी कवितेतून नवे बळ घेतले आणि मराठी कवितेला पुराणातल्या कथांतून बाहेर काढून स्वतःच्या मनाशी, निसर्गाशी आणि समाजाशी बोलते केले. इंदूरच्या शेजारी देवासला आणि पुढे ग्वाल्हेरला ज्यांचे आयुष्य गेले ते भा. रा. तांबे याच काळातले. आपल्या माळव्याच्या मराठी माणसांना त्यांचा अभिमान आहे, आणि त्यांची मुलांसाठीची गाणी आमच्या आज्यांना पाठ होती.

पण सगळेच काही इंग्लंडहून आले नाही. आपल्याकडे ज्ञानेश्वर आणि तुकाराम आधीच होते. झाडे, वेली आणि वनातली जनावरे यांना सोयरे मानण्याची सवय मराठी मनाला फार पूर्वीच लागली होती. दोन्हीकडचे पाणी एका माणसात एकत्र आले. ते म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक.

डोंगरावरच्या प्रवचनाने जिंकलेला कवी

टिळकांचा जन्म 6 डिसेंबर 1861 रोजी रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावी झाला. योगायोग असा की 'गोल्डन ट्रेझरी' निघाली ते हेच वर्ष. त्यांची आई जानकीबाई. कवितेची गोडी त्यांना आईकडून लागली आणि तीच आई त्यांच्या लहानपणी गेली. वर्डस्वर्थप्रमाणेच त्यांच्याही कवितेत आई, फूल आणि पाखरू वारंवार येतात, त्याची मुळे इथे असावीत असे आम्हाला वाटते. पुढे नाशिकला त्यांनी संस्कृताचे अध्ययन केले. 1880 साली लक्ष्मीबाईंशी त्यांचे लग्न झाले.

1893 सालच्या एका आगगाडीच्या प्रवासाची कथा आपल्यापैकी अनेकांनी संडे स्कूलमध्ये ऐकली असेल. टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. डब्यात एका युरोपियन गृहस्थाशी त्यांचे बोलणे झाले. कवितेवर गप्पा झाल्या, आणि निरोप घेताना त्या गृहस्थाने त्यांच्या हाती नवा करार दिला. दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असेही तो म्हणाला. टिळक वाचू लागले आणि मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी अडकले. त्यातले प्रेम आणि सत्य त्यांना सोडीना. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

ही कथा आपण नेहमी धर्मांतराची कथा म्हणून सांगतो. तिच्यातली एक गोष्ट मात्र आमच्या आजवर लक्षात आली नव्हती. ज्या प्रवचनाने टिळकांना जिंकले त्याच प्रवचनात, मत्तयाच्या सहाव्या अध्यायात, प्रभू येशू आकाशातल्या पाखरांकडे आणि रानातल्या फुलांकडे पाहायला सांगतो. पाखरे पेरणी-कापणी करत नाहीत, तरी स्वर्गीय पिता त्यांना खाऊ घालतो. फुले कष्ट करत नाहीत, सूत कातत नाहीत, तरी त्यांच्या पोशाखापुढे शलमोनाचे वैभव फिके पडते. आणि हेच टिळक पुढे महाराष्ट्रात 'फुलामुलांचे कवी' म्हणून ओळखले गेले. त्यांना आधीपासून प्रिय असलेली फुले आणि पाखरे त्यांना प्रभूच्या तोंडी सापडली. ख्रिस्ताकडे येताना त्यांना आपले कविमन बाहेर ठेवून यावे लागले नाही. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. त्या पुलावर रानफुलेही होती, अशी भर आम्हाला त्यात घालावीशी वाटते.

पण वाट सोपी नव्हती. बाप्तिस्म्यामुळे घर तुटले. लक्ष्मीबाई आणि लहानगा मुलगा दत्तू दुरावले. ती वर्षे लक्ष्मीबाईंनी किती सोसले ते त्यांनी 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात हसतखेळत सांगितले आहे, आणि त्या हसण्यामुळेच वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येते. हळूहळू त्यांचा सोवळ्या-ओवळ्याचा पगडा सुटला, त्या पतीकडे परतल्या, आणि 1900 साली त्यांचाही बाप्तिस्मा झाला. अहमदनगरचे टिळकांचे घर पाहुणे, विद्यार्थी आणि पोरकी मुले यांनी भरलेले असे.

टिळकांची एक कविता शाळेत शिकलेले लोक अजून विसरलेले नाहीत. 'केवढे हे क्रौर्य' या कवितेत शिकाऱ्याच्या हातून जखमी झालेली पक्षीण कशीबशी घरट्यापर्यंत येते, पिलांना शेवटचा घास देते आणि प्राण सोडते. ब्लेकचे धुराड्यातले पोर आणि टिळकांची ही पक्षीण यांच्यात आम्हाला नाते दिसते. दोघांनीही निसर्गाकडे आणि बालपणाकडे नुसते गोड म्हणून पाहिले नाही. जे लहान आणि मुके आहे त्याच्यावर बलवान माणूस काय करतो, हे त्यांनी पाहिले. चिमणीसारख्या पाखराचे पडणेही पित्याला ठाऊक असते, असे प्रभूने मत्तय 10:29 मध्ये सांगितले आहे. त्या वचनाची जाण या कवितेमागे आहे असे आम्हाला वाटते.

घरात आलेला मुलगा

1907 साली जळगावला पहिले कविसंमेलन भरले. अध्यक्ष होते डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. हे लष्करी वैद्यक खात्यातले डॉक्टर आणि वनस्पतिशास्त्राचे जाणकार. भारतातल्या औषधी वनस्पतींवरच्या प्रसिद्ध ग्रंथाच्या दोन कर्त्यांपैकी एक. त्या संमेलनात धरणगावच्या एका जेमतेम सोळा-सतरा वर्षांच्या मुलाने कविता म्हणून दाखवली. झाडापानांचा अभ्यास करण्यात जन्म घालवलेल्या कीर्तिकरांनी त्याला 'बालकवी' ही पदवी दिली. तो मुलगा म्हणजे त्र्यंबक बापूजी ठोंबरे.

पुढे ठोंबरे अहमदनगरला टिळकांकडे येऊन राहिले. लक्ष्मीबाईंनी त्यांना पोटच्या मुलासारखे वागवले. ठोंबरे ख्रिस्ती झाले नाहीत, आणि त्या घरात त्यांना प्रेम मिळण्यासाठी तशी अटही नव्हती. ही गोष्ट आम्हाला फार मोलाची वाटते. एका ख्रिस्ती पाळकाच्या घरी एक हिंदू तरुण मुलासारखा राहतो, जेवतो, रुसतो, कविता लिहितो, आणि मराठीला 'फुलराणी', 'औदुंबर', 'श्रावणमास' यांसारख्या कविता देणारा कवी त्या मायेत वाढतो. येशूने बालकांना कवेत घेतले तेव्हा त्यांच्या आईबापांची चौकशी केल्याचे मार्क लिहीत नाही.

बालकवींच्या कवितेत कळी, झरा, ऊन, चांदणे ही सारी जिवंत माणसांसारखी बोलतात, लाजतात, लग्न करतात. इतके निर्मळ डोळे मराठीत फार थोड्या कवींना मिळाले. पण त्यांच्याच नंतरच्या काही कवितांत एक काळोखी उदासी आहे. आनंदाचे गाणे गाणाऱ्या या माणसाला आतून काहीतरी पोखरत होते. 'पारवा' वाचणाऱ्याला ते लगेच कळते. वर्डस्वर्थने सांगितलेले तेज मावळण्याचे दुःख बालकवींना फार तरुण वयात भोगावे लागले.

5 मे 1918 रोजी खानदेशातल्या भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली सापडून बालकवी गेले. वय सत्तावीस. त्यांच्यामागून वर्षभराने, 9 मे 1919 रोजी, टिळकही मुंबईत प्रभूकडे गेले. 1917 पासून टिळकांनी मिशनचा पगार सोडला होता आणि 'देवाचा दरबार' या नावाने बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा सर्व ख्रिस्तभक्तांचे एक कुटुंब उभारायला घेतले होते. त्यांचे 'ख्रिस्तायन' हे येशूचरित्राचे महाकाव्य अपुरे राहिले. ते पूर्ण केले लक्ष्मीबाईंनी. लहानपणी त्यांना शाळा मिळाली नव्हती. लग्नानंतर त्या लिहायला-वाचायला शिकल्या, आणि त्यांनी पतीचे महाकाव्य पुरे केले.

मग आपण काय मानतो?

या कवींवर प्रेम करताना दोन ठिकाणी आपल्याला थांबून विचार करावा लागतो.

पहिले ठिकाण निसर्गाचे. रोमँटिक कवींपैकी काहींना निसर्गच देव वाटू लागला होता. आपण तसे मानत नाही. स्तोत्र 19 सांगते की आकाश देवाचा महिमा वर्णिते. म्हणजे ते दुसऱ्या कोणाविषयी बोलते. पौल रोमकरांस पहिल्या अध्यायात म्हणतो की देवाचे अदृश्य गुण निर्मिलेल्या वस्तूंवरून कळून येतात, आणि त्याच पत्राच्या आठव्या अध्यायात सारी सृष्टी वेदनांनी कण्हत आहे असेही म्हणतो. सृष्टीचे वर्णन करणारी आणि तिचे कण्हणे सांगणारी, अशी दोन्ही वचने आपल्याला हवीत. फुलराणीचे लग्न आणि जखमी पक्षीण ही दोन्ही देवाच्या याच जगातली आहेत.

दुसरे ठिकाण बालपणाचे. मूल जन्मतःच निष्पाप देवदूत असते असे शास्त्र सांगत नाही. दोन-तीन मुले घरात असलेल्या कोणत्याही आईला हे शास्त्राशिवायही माहीत आहे. मग देवाचे राज्य अशांचेच आहे असे प्रभू का म्हणाला? त्या काळच्या समाजात बालकाला मान नव्हता, मालमत्ता नव्हती, साक्ष देण्याचा अधिकार नव्हता. बालक काही कमावून आणत नाही. त्याला जे मिळते ते दिलेले म्हणून मिळते, आणि ते घ्यायला त्याला संकोच वाटत नाही. देवाचे राज्य घेण्याची रीत हीच आहे. म्हणून बालकाजवळ पाहण्यासारखे जे आहे ते त्याचे निष्पापपण नव्हे, त्याचा उघडा हात आहे. आमच्यासमोर त्या मुलीने लिंबोळीची मूठ उघडली, तेव्हा आम्हाला हेच दिसायला हवे होते. तेव्हा दिसले नाही. आठवडाभर वाचल्यावर दिसले.

वर्डस्वर्थला वाटले की ते तेज मोठेपणी परत येत नाही, फक्त त्याची आठवण उरते. इथे ख्रिस्ती विश्वास त्याच्या एक पाऊल पुढे जातो. नव्याने जन्मता येते, असे प्रभूने निकदेमाला सांगितले, आणि निकदेम तर म्हातारा होता. टिळकही तेहतिसाव्या वर्षी बाप्तिस्मा घेऊन नवे झाले आणि त्यानंतर मुलांसाठी गाऊ लागले. त्यांची शंभराहून अधिक गीते आपल्या 'उपासना संगीता'त आहेत. आपण दर रविवारी त्यांतली काही गातो, पण त्यांच्या कर्त्याचे नाव किती जणांच्या लक्षात असते?

इंदूरच्या आवारातून

इंदूरला कॅनडाचे प्रेस्बिटेरियन मिशनरी 1877 साली आले आणि 1887 साली त्यांनी इथे ख्रिश्चन कॉलेज सुरू केले. आपल्यापैकी पुष्कळांचे आजी-आजोबा मात्र नगर, जालना, सोलापूर या बाजूंनी नोकरीधंद्यासाठी इकडे आले आणि येताना मराठी बायबल आणि गीतांचे पुस्तक घेऊन आले. टिळक-लक्ष्मीबाईंच्या त्या अहमदनगरचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे. त्या जिल्ह्यातल्या चौंडीत जन्मलेल्या अहिल्याबाई होळकरांनी माळव्यावर राज्य केले. म्हणजे नगर आणि इंदूर यांचे नाते आपल्याही आधीचे आहे. 1917 साली, टिळक आणि बालकवी दोघेही हयात असताना, मराठी साहित्य संमेलन याच इंदुरात भरले होते. त्यानंतर 1935 आणि 2001 सालीही ते इथे भरले.

असे असूनही आपल्या मुलांच्या तोंडून मराठी हळूहळू सुटत आहे. त्यांना देवनागरी वाचता येते, कारण शाळेत हिंदी आहे. पण 'ळ' आला की ती अडखळतात. 'टिळक' हे 'तिलक' होते आणि 'लिंबोळी' ही 'निंबोली' होते. यात मुलांचा काहीच दोष नाही. आपण घरात त्यांच्याशी कोणत्या भाषेत बोलतो, ते आपणच पाहायला हवे. भाषा सुटली की तिच्यातली गीते सुटतात, आणि टिळकांनी आपल्यासाठी ठेवलेली फुले पुस्तकातच सुकून जातात.

निसर्गाचेही तसेच आहे. आपल्या कान्ह नदीच्या काठी एके काळी माणसे अंघोळीला जात. आज आपण पुलावरून जाताना नाकाला रुमाल लावतो. स्वच्छतेसाठी देशात नाव कमावलेल्या या शहराला आपली नदी अजून पूर्ण स्वच्छ करता आलेली नाही, आणि त्यात आपल्या घरच्या सांडपाण्याचाही वाटा आहे. "रानातली फुले पाहा" हे प्रभूचे सांगणे सिमेंटने पूर्ण झाकलेल्या आवारात कसे पाळायचे, हा प्रश्न आम्ही मंडळीच्या बैठकीत विचारला. वाहने उभी करायला जागा हवी म्हणून त्या लिंबाभोवतीची माती फरसबंद करण्याचा विचार चालला होता. वाहनांची अडचण खरी आहे, विशेषतः वयस्क बंधुभगिनींसाठी. दोन्ही बाजूंनी बोलणे झाले, थोडी कुरबुरही झाली. शेवटी झाडाभोवतीची जागा मोकळी ठेवायची आणि वाहने शेजारच्या गल्लीत लावण्यासाठी तरुणांनी दर रविवारी मदत करायची, असे ठरले. ज्या वडीलधाऱ्या बंधूंनी त्या दिवशी गप्प राहण्याची खूण केली होती, त्यांनीच ही सूचना मांडली, हे इथे आनंदाने नमूद करतो.

आता महिन्यातून एका रविवारी संडे स्कूल लिंबाखालीच भरते. वेळ मात्र उपदेशानंतरची ठेवली आहे, पोह्यांच्या आधीची, म्हणजे कोणालाच कोणाचा त्रास होत नाही. पहिल्या वर्गात आम्ही मुलांना आगगाडीतल्या टिळकांची गोष्ट सांगितली आणि मत्तय 6:26 ते 30 वाचायला दिले. प्रत्येकाने आवारातली एक वस्तू आणून तिच्याबद्दल देवाचे आभार मानायचे होते. कोणी पान आणले, कोणी मुंगी कागदावर घेऊन आले. त्या मुलीने लिंबोळी आणली आणि या वेळी नाव बरोबर उच्चारले. आम्ही तिला सांगितले की हो, ही देवाच्या घरातली आहे, आणि टाकायची नसेल तर पेरायची. तिने ती कुंडीत पेरली आहे. रोज पाणी घालते, असे तिची आई सांगते.

या आठवड्यात आपण घरी हे जरूर करावे: मार्क 10:13 ते 16 आणि स्तोत्र 8 मुलांकडून मोठ्याने वाचून घ्यावे, मराठीतून. अडखळली तर अडखळू द्यावीत. आणि 'उपासना संगीता'तले टिळकांचे एक गीत निवडून, ते कोणी लिहिले हे सांगून, एकत्र गावे.

प्रार्थना करू या.

हे स्वर्गीय पित्या, तू पाखरांना खाऊ घालतोस आणि रानातल्या फुलांना नेसवतोस. आम्ही तुझ्या बालकांना अनेकदा दटावले, त्याची आम्हाला क्षमा कर. ज्या घरांतली मुले तू आपल्याजवळ बोलावून घेतलीस त्या आईबापांच्या जवळ राहा, कारण आमच्या शब्दांनी त्यांचे सांत्वन होत नाही. आमची मुठ उघड, म्हणजे तू जे देतोस ते आम्हाला बालकासारखे घेता येईल. तुझा सेवक नारायण आणि तुझी सेविका लक्ष्मी यांच्याबद्दल, आणि त्यांनी आपल्या घरात घेतलेल्या त्या कवीबद्दल, आम्ही तुझे आभार मानतो. येशूच्या नावाने मागतो. आमेन.